घरच्या भाजीची हफ्राशा: अंगणातली कोथिंबीर, भेंडी, टोमॅटो पातेल्यात जायच्या आधी

इस्रायलमध्ये आपली बेने इस्राएल मंडळी, म्हणजे कोकणातून आलेले मराठी ज्यू, जिथे जिथे आहेत, दिमोना म्हणा, लोद, रामले, अश्दोद, बेर शेवा, तिथे घरामागे हातभर माती मिळाली तरी कोथिंबीर, मिरची, भेंडी, मेथी लावल्याशिवाय कोणी राहत नाही, आणि माती नसेल तर बाल्कनीत कुंड्या असतातच. बाजारात जाताना हीच मंडळी हेख्शेर, म्हणजे खायला चालतं असा रब्बींचा शिक्का, बघितल्याशिवाय भाजी उचलत नाहीत, दुकानदाराला दहा वेळा विचारतात, पण घरची कोथिंबीर मात्र खुडली की सरळ चटणीत जाते, कारण घरची आहे, स्वच्छ आहे, आपल्या हातची आहे. खरा घोळ इथेच आहे. हेख्शेरवाल्या भाजीचा दहावा हिस्सा तुमच्यासाठी कोणीतरी आधीच काढून ठेवलेला असतो. घरच्या भाजीचा कोणीच काढलेला नसतो, तो तुम्हालाच काढायचा, त्यालाच हफ्राशा म्हणतात, आणि तो निघेपर्यंत ती भाजी तेवेल असते, म्हणजे खायला बंदी.

यात आपल्या लोकांचा दोष मला अजिबात वाटत नाही. हा नियम एरेत्स इस्राएलच्या, म्हणजे इस्राएल देशाच्या, जमिनीत उगवलेल्या पिकालाच लागतो. अलिबाग, पेण, रोह्याच्या मातीतल्या भाजीला तो कधी लागलाच नाही, त्यामुळे शनिवार तेली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आपल्या पूर्वजांनी शब्बाथ पाळला, सुंता पाळली, पण भाजीचा हिस्सा काढायची वेळच त्यांच्यावर आली नाही. आजीने आईला शिकवलं, आईने मला, अशी वाटच नव्हती. म्हणून इथे सगळं पहिल्यापासून लिहितेय, आणि जे ठाण्या-मुंबईत राहून हे वाचतायत त्यांनी तुमच्या गॅलरीतल्या मिरच्या खुशाल खा, तुम्हाला यातलं काही लागू नाही.

आधी हिस्से किती आणि कोणाचे ते बघू, कारण ते कळल्याशिवाय नुसता नुसाख, म्हणजे हिस्सा काढताना म्हणायची ठरलेली वाक्यं, वाचून उपयोग नाही. तोरा या आपल्या धर्मग्रंथात हे गणना १८ आणि अनुवाद १४ मध्ये आहे. लेवीच्या वंशाला जमिनीत वाटा मिळाला नाही, ते मंदिराच्या सेवेत, म्हणून बाकीच्यांनी पिकातून त्यांना द्यायचं. पहिला हिस्सा त्रुमा गदोला, कोहेनचा, म्हणजे याजकाचा. पूर्वी लोक साधारण पन्नासावा भाग द्यायचे, आज आपण सगळेच तुमाच्या, म्हणजे धार्मिक अशुद्धतेच्या, अवस्थेत असल्यामुळे कोहेनला ती खाता येत नाही, म्हणून अगदी कणभर काढली तरी पुरते. मग मासेर रिशोन, दहावा भाग, लेवीचा. त्या लेवीच्या हिश्शातून परत दहावा भाग कोहेनचा, त्याला त्रुमत मासेर म्हणतात, म्हणजे मूळ पिकाच्या बरोबर शंभरावा. यानंतर जे उरतं त्याचा पुन्हा दहावा भाग, आणि तो कुठे जातो हे वर्षावर ठरतं: शमिताच्या, म्हणजे दर सातव्या वर्षी जमिनीला विश्रांती देण्याच्या, चक्रातलं पहिलं, दुसरं, चौथं, पाचवं वर्ष असेल तर मासेर शेनी, जो पूर्वी येरुशलायमला नेऊन मालकाने तिथे खायचा असायचा, आणि तिसरं नाहीतर सहावं असेल तर मासेर अनी, गरिबाचा. भाजीपाल्याचा हिस्सा ऋषींनी, म्हणजे हाखामींनी लावलेला आहे असं बहुतेक पोस्किम, म्हणजे धर्मनियमांचा निकाल देणारे रब्बी, मानतात, पण म्हणून तो सैल होत नाही.

वर्ष कुठलं चाललंय हे फ्रिजवर लिहूनच ठेवा. शेवटची शमिता यहुदी वर्ष ५७८२ ला झाली, म्हणजे सप्टेंबर २०२१ ते सप्टेंबर २०२२. तिथून मोजलं की ५७८६ (सप्टेंबर २०२५ ते सप्टेंबर २०२६) चौथं, ५७८७ पाचवं, दोन्हीत मासेर शेनी. ५७८८ सहावं, त्यात मासेर अनी. आणि ५७८९, जे सप्टेंबर २०२८ मध्ये सुरू होतं, ती शमिता. शमितात हे सगळं प्रकरणच बदलतं, पेरण्यापासून नियम वेगळे, तेव्हा तो विषय इथे मिसळत नाही.

भाजीचं वर्ष तोडण्याच्या दिवसावर ठरतं हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. रोश हशानाच्या, म्हणजे यहुदी नववर्षाच्या, आदल्या दिवशी तोडलेला टोमॅटो जुन्या वर्षाचा, आणि त्याच झाडावरचा, त्याच घोसातला, सणानंतर तोडलेला टोमॅटो नवीन वर्षाचा. दोन्ही वर्षं मासेर शेनीची असली तरी एका वर्षाच्या भाजीतून दुसऱ्या वर्षाच्या भाजीचा हिस्सा काढता येत नाही. म्हणून सणाच्या आधीची तोडणी वेगळ्या डब्यात ठेवा, तिची हफ्राशा सणाआधीच उरकून टाका, मिसळल्यावर निस्तरणं फार कटकटीचं आहे. झाडाच्या फळांचं वर्ष तू बिश्वातला, म्हणजे श्वात महिन्याच्या पंधराव्या दिवशी, बदलतं, आणि त्यात फळ धरलं कधी ते बघतात, तोडलं कधी ते नाही. आपल्याकडे तू बिश्वात म्हटलं की एलियाहू हनाबी (संदेष्टा एलिया) आणि अलिबागजवळचं खंडाळा आठवतं, तिथे यात्रा भरते, मलिदा (गोड पोहे आणि फळांचं ताट) होतो. इथे त्याच दिवसावर पेरू-अंजिराचा हिशोबही फिरतो, आणि मलिद्याच्या ताटात घरच्या झाडाची फळं ठेवणार असाल तर त्यांचीही हफ्राशा आधी झालेली पाहिजे. फळझाडाला पहिल्या तीन वर्षांचं ओर्ला, म्हणजे न खायचं फळ, आणि चौथ्या वर्षाचं नेता रवाई हे अजून वेगळं असतं, ओर्लाचं फळ हफ्राशा करून चालू होत नाही. पपई भाजीत धरायची की झाडात यावर पोस्किमचे मतभेद आहेत, तेवढं तुमच्या रब्बींना विचारून घ्या. वांगं भाजीच धरतात.

आता लोक मला सगळ्यात जास्त जे विचारतात ते. "झाडावरचा एक टोमॅटो पोराने तोडून तिथेच तोंडात टाकला तर?" चालतं. भाजी घरात आली, शिजली, मीठ लागलं, किंवा शब्बाथ लागला, की मग ती पक्की बांधली जाते आणि त्यानंतर किरकोळ खाणंही बंद. तोपर्यंत झाडापाशी उभं राहून एकेक करून खाणं चालतं. आणि इथे मिश्नाने, म्हणजे हाखामींच्या जुन्या नियमसंग्रहाने, उदाहरण कशाचं दिलंय बघा, कोथिंबिरीचं! त्यातल्या मासरोत नावाच्या भागाच्या तिसऱ्या अध्यायात आहे की अंगणात पेरलेली कोथिंबीर पान पान खुडून खावी, पण दोन-चार पानं एकत्र केली की हिस्सा काढणं आलं. म्हणजे वाफ्याशी वाकून एक पान चाखलंत तर ठीक, मूठ भरून स्वयंपाकघरात नेलीत की हफ्राशा. पुढच्या अध्यायात तर अजून बारीक बघितलंय: कोथिंबीर धन्यांसाठी पेरली असेल तर तिच्या पानांना हिस्सा लागत नाही, पण पानांसाठी पेरली असेल तर पानं आणि धने दोन्हींना लागतो. आपण बहुतेक पानांसाठीच पेरतो, आणि मग उन्हाळा आला की ती फुलावर जाते, धने धरतात, ते आपण वाळवून डब्यात भरतो, तर त्या धन्यांचीही हफ्राशा करायची, हे कोणाच्या डोक्यातच येत नाही.

कुंडीचं काय? खाली भोक असलेली आणि मातीवर ठेवलेली कुंडी जमिनीसारखीच. भोक नसलेली, किंवा फरशीवर, बाल्कनीत, वरच्या मजल्यावर ठेवलेली असेल तर तिचं बंधन हलकं, फक्त हाखामींनी लावलेलं, पण हफ्राशा तरीही करायची. अशा वेळी ब्राखा, म्हणजे आशीर्वादाची प्रार्थना, म्हणायची की नाही हे तुमच्या रब्बींवर सोडा, आणि खिडकीत आतल्या बाजूला, छपराखाली वाढवलेल्या रोपाला साधारणपणे ब्राखा न म्हणता करतात. एक गोष्ट मात्र करू नका, कुंडीतल्या मिरचीतून जमिनीतल्या मिरचीचा हिस्सा काढू नका, उलटही नको, कारण दोघींचं बंधन सारखं नाही. दोन्ही ढीग वेगळे ठेवायचे.

सुरुवात करायच्या आधी एक नाणं लागतं. मासेर शेनी आज येरुशलायमला नेऊन खाता येत नाही, म्हणून त्याचं पावित्र्य नाण्यावर उतरवून भाजी मोकळी करतात. प्रत्येक वेळी नाण्याची निदान एक प्रुता वापरली जाते, प्रुता म्हणजे एका ग्रॅमच्या चाळीसाव्या भागाइतक्या चांदीची किंमत, काही अगोराच (अगोरा म्हणजे शेकेलचा शंभरावा भाग) होतात, पण चांदीचा भाव हलला की तीही हलते. दहा शेकेलचं एक नाणं घ्या, छोट्या डबीत ठेवा, वर मासेर शेनी असं लिहा, म्हणजे कोणी बसभाड्याला उचलणार नाही. आणि प्रत्येक वेळी प्रुता किती उरल्या ते कागदावर टिपा. हे जमणार नसेल, आणि घरात धावपळ असली की खरंच जमत नाही, तर केरेन हा-मासरोत म्हणून फंड असतात त्यांचं सभासद व्हा. वर्षाची थोडी वर्गणी असते, नाणी त्यांच्याकडे तयार असतात आणि तुम्ही घरून त्यांच्या नाण्यावर सोडवता. काही फंडांमध्ये लेवी आणि गरिबाच्या हिश्शाचीही सोय असते. माझं स्पष्ट मत आहे की घरी बाग असलेल्याने फंडच घ्यावा. दुसरं एक कारणही आहे: एकच काकडी तोडली तर तिचा मासेर शेनीचा भाग प्रुतेइतकाही भरत नाही, आणि अशा भागासाठी नाण्यात आधीच एक खास प्रुता लावून ठेवलेली लागते. फंडाकडे ती असतेच.

आता प्रत्यक्ष करायचं कसं. समजा दोन किलो भेंडी निघाली, चौथं वर्ष आहे. सगळी एका परातीत घ्या, दोन भांडी असतील तर उघडी, एकमेकांना लागून ठेवा, कारण हिस्सा काढताना माल समोर एकत्र हवा. शेंगा झाडावरून तोडलेल्या हव्यात, उद्या तोडणार त्याचं आज नाही चालत. जात एकच हवी, भेंडीचं भेंडीतून, टोमॅटोचं टोमॅटोतून. चेरी टोमॅटो आणि मोठा टोमॅटो एकच जात, पण कोथिंबीर आणि पार्सली दिसायला बहिणी असल्या तरी दोन.

मग शंभरावा भाग आणि वर थोडंसं, इतकं बाजूला करा. दोन किलोचा शंभरावा वीस ग्रॅम, तर पंचवीस ग्रॅम घ्या, म्हणजे मध्यम दोन भेंड्या झाल्या. किचनचा वजनकाटा असेल तर उत्तम. नसेल तर सढळ हाताने घ्या, कारण जास्त गेलं तर नुसाख सांभाळून घेतो, कमी पडलं तर हफ्राशा अर्धवट राहते. कोथिंबिरीची शंभर ग्रॅमची जुडी असेल तर दोन-तीन काड्या काढल्या की झालं. काढलेला तुकडा त्याच परातीत उत्तर बाजूला, बाकीच्यापासून जरा वेगळा ठेवा, उचलून दुसऱ्या खोलीत नेऊ नका, पुढचं सगळं बोलणं तो समोर असतानाच आहे.

जमिनीतली, नक्की हिस्सा न काढलेली भाजी असेल तर आधी ब्राखा: "बारुख अता" ही नेहमीची सुरुवात पूर्ण म्हणून, "अशेर किदशानु बमित्स्वोताव वत्सिवानु लहाफ्रिश त्रुमोत उ-मासरोत". मध्ये न बोलता लगेच नुसाख. हिब्रू जमत असेल तर सिद्दुरमधला, म्हणजे प्रार्थनेच्या पुस्तकातला, म्हणा, पण कळून म्हणायचंय, म्हणून मराठीत म्हटला तरी चालतो. अर्थ असा:

इथे शंभरातल्या एकापेक्षा जे जास्त आहे ते या भाजीच्या उत्तरेला त्रुमा गदोला होवो. इथे उरलेला शंभरातला एक, आणि भाजीच्या उत्तर बाजूचे तसेच आणखी नऊ, हे मासेर रिशोन होवो. त्यातला जो शंभरातला एक मी मासेर केला तो त्रुमत मासेर होवो. आणि मासेर शेनी भाजीच्या दक्षिण बाजूला असो, तो आणि त्याचा पाचवा भाग मी मासेर सोडवण्यासाठी ठेवलेल्या नाण्यातल्या प्रुतेवर सोडवला जावो.

हा क्रम बदलू नका, त्रुमा आधी, मग रिशोन, मग शेनी. सोडवताना "अल पिद्योन मासेर शेनी" ही वेगळी ब्राखा आहे, ती नक्की तेवेलवरच. फंडाच्या नाण्यावर सोडवत असाल तर नाण्याच्या जागी तसं म्हणा. तिसऱ्या-सहाव्या वर्षी शेवटचं वाक्य बदलतं, "मासेर अनी दक्षिण बाजूला असो", नाणं लागत नाही. तीन-चार जातींच्या भाज्या असतील तर प्रत्येकीतून तुकडा काढून एकदाच नुसाख म्हणता येतो, त्यात प्रत्येक जातीचं त्याच जातीवर, एवढं घालायचं.

झालं म्हटल्यावर ते पंचवीस ग्रॅम दोन पिशव्यांत गुंडाळून आदराने कचऱ्यात ठेवा किंवा मातीत पुरा. उष्ट्या-खरकट्यात उघडं टाकायचं नाही, आणि खायचं तर मुळीच नाही, कोहेनलाही नाही. बाकीची भेंडी आता खायला मोकळी. हो, लेवीचा हिस्सा अजून परातीतच असला तरी खायला बंदी नाही, पण ती भाजी हिशोबाने त्याची आहे. दोन किलोतले साधारण एकशे ऐंशी ग्रॅम त्याचे.

आता ते द्यायचे कुठे? आपल्या बेने इस्राएल समाजात परंपरेने कोहेन-लेवी घराणी नाहीत, त्यामुळे नात्यात शोधून सापडणार नाही. सिनेगॉगमध्ये, शेजारी, मोरोक्कोचे, इराकचे, कुठल्यातरी घरात लेवी असतोच, तोऱ्याच्या वाचनाला दुसऱ्या नंबरवर कोणाला बोलावतात ते बघा. आज लेवीच्या वंशाचा पुरावा किती धरायचा यावर मतं वेगळी आहेत आणि काही पोस्किम देणं सक्तीचं धरत नाहीत, पण पुष्कळजण द्यायला सांगतात, आणि माझ्या मते घरची भाजी शेजाऱ्याच्या दारात पोचते ही यातली सगळ्यात सुंदर गोष्ट आहे. दर वेळी दहा मिरच्या घेऊन जाणं अवघड, तर सोय अशी आहे की लेवीला आधीच काही रक्कम उसनी द्यायची, समजा दोनशे शेकेल, आणि ठरवून घ्यायचं की यापुढे त्याच्या हिश्शाच्या भाजीची किंमत त्यातून वळती होईल. भाजी तुम्ही खाता, पैसे त्याला आधीच मिळालेले असतात. गरिबाच्या मासेर अनीलाही हीच पद्धत चालते, फक्त माणूस खरंच गरजू धरला जातो ना ते रब्बींकडून विचारून घ्या. नाहीतर सरळ भाजीच द्या. आमच्या इथल्या एक मावशी सहाव्या वर्षी गरिबाच्या वाट्याची वांगी निवडून, देठ पुसून पाठवायच्या, "अगो, त्याच्या वाट्याचं त्याला किडकं द्यायचं काय?" म्हणायच्या.

कोणी करायचं? घरातली कोणीही मोठी व्यक्ती, बाई असो पुरुष असो, जिची भाजी आहे तिने किंवा तिच्या परवानगीने दुसऱ्याने. शेजारणीच्या भाजीची तिला न विचारता करून टाकली तर ती होत नाही. आणि शेजारणीला पिशवी भरून वांगी देणार असाल तर हफ्राशा करूनच द्या, ती बिचारी समजणार घरचं आहे म्हणजे झालेलं असेल.

शब्बाथ आणि सणाच्या दिवशी हफ्राशा करता येत नाही. म्हणून शुक्रवारी दुपारी तोडलेलं सगळं सूर्य मावळायच्या आत उरका, बुडाला तर ती भाजी शनिवार रात्रीपर्यंत तशीच पडून राहते, कच्ची पण खाता येत नाही. मिश्नात आहे की शुक्रवारी अंधार पडताना घरात तीन गोष्टी बोलाव्यात, मासेर काढलं का, एरूव (शब्बाथसाठी हद्दीची तजवीज) केलं का, दिवा लावा. पहिला प्रश्न मासेरचा आहे. दिवाबत्तीच्या घाईत तो आपल्याकडे गळून पडतो, म्हणून मी सांगेन की शुक्रवारची तोडणी सकाळीच करा.

आणि भाजी फोडणीला पडल्यावर लक्षात आलं तर? खाऊ नका, गॅस बंद करा, शिजलेल्यातूनही हिस्सा काढता येतो, तोच नुसाख. पण पातेल्यात बाजारचा कांदा-टोमॅटो आधीच हफ्राशा झालेला मिसळला असेल तर नुसता चमचाभर काढून भागत नाही, घरची भाजी आणि बाकीचं यांचं प्रमाण बघावं लागतं. सोपा उपाय म्हणजे त्याच वाफ्यातली, त्याच वर्षाची थोडी कच्ची भेंडी अजून हफ्राशाविना उरलीय का बघा, असेल तर पातेल्याशेजारी ठेवून तिच्यातून दोन्हींचं काढा. नसेल तर रब्बींना फोन करा, भांड्याचंही विचारा, आणि तोवर वेगळं काहीतरी जेवा.

नाण्याचं एक राहिलं. चौथ्या आणि सातव्या वर्षी पेसाहच्या (वल्हांडण सणाच्या) वेळेला बिऊर असतं, म्हणजे मागच्या वर्षांचं घरात अडकलेलं सगळं मोकळं करायचं: लेवीचं लेवीला, गरिबाचं गरिबाला, आणि डबीतल्या नाण्यावर साठलेलं पावित्र्य एका प्रुतेवर उतरवून ती प्रुता नष्ट करायची, वितळवून किंवा समुद्रात टाकून. ५७८९ चा पेसाह २०२९ च्या वसंतात येतो. फंडाचे सभासद असाल तर नाण्याचं ते बघतात, डबी घरी असेल तर पेसाहच्या साफसफाईच्या यादीत ती वरती लिहा, भाकरीचे तुकडे शोधतानाच तीही बाहेर काढा.